नाव शेवटच्या रकान्यात

रूपालीचा तक्ता काही केल्या सरळ उभा राहत नव्हता. आकड्याखाली आकडा यावा, रेघेखाली रेघ यावी, एवढीच तिची मागणी होती. पण एक आकडा आत शिरलेला, दुसरा बाहेर डोकावतोय, आणि मधली उभी रेघ बाजारातून झिंगत घरी निघालेल्या माणसासारखी. जनावरांच्या दवाखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळणारी ही मुलगी दोन दिवस एका रेघेशी भांडतेय, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. डॉक्टर जाता-येता विचारायचे, "झाली का गं रांगोळी काढून?" ती मान वर न करता म्हणायची, "होतीय सर."

रांगोळीसाठी कुणी जेवणाचा डबा न उघडता बसत नाही. तिच्या डोळ्यांपुढे थोरली साखराबाई होती.

त्याचं असं झालं होतं. सिरसाळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून गडदेवस्ती आहे. सगळी मेंढपाळांची घरं, आडनाव एकच. दिवाळी उरकली की ही माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघतात आणि पाऊसकाळ लागला की परततात. निघायच्या आधी दवाखान्याची जीप वर जाते आणि मेंढरांना साथीच्या रोगाची लस टोचून येते. मागच्या वर्षी डॉक्टर मोबाइलवरून नावं वाचत होते. वस्तीवर नेटवर्क औषधालाही मिळत नाही. यादी मध्येच पांढरी पडली, मग जो समोर दिसला त्याची मेंढरं पुढे घेतली, जो ओरडला त्याची त्याआधी. थोरली साखराबाई ओरडणाऱ्यातली नव्हे. तिचा नवरा बजरंग जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि मुलगी मोहिनी. आपलं नाव घेतील म्हणून ती मेंढरं अडवून कडेला उभी राहिली. लस संपली, जीप निघून गेली. पुढे गोदाकाठाच्या वाटेवर रोग आला आणि तिचा अर्धा कळप बसला तो उठलाच नाही.

हे तिने रूपालीला पावसाळ्यात सांगितलं, दवाखान्याच्या ओट्यावर कोकराला औषध पाजता पाजता. तक्रार म्हणून नव्हे, आपलं बोलण्याच्या ओघात. रूपालीने विचारलं होतं की मावशी, तुम्ही पुढे का आला नाहीत.

"नावच घेतलं न्हाई कुनी," साखराबाई म्हणाली. "बोलावल्याबिगर पुढं कशी येऊ, बाई?"

ते रूपालीला इतकं लागलं की त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही. बोलावल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, हा धडा तिच्या घरातल्या मागच्या पिढ्यांनीही गिरवला होता, आणि तो विसरायला त्यांना किती जोर लावावा लागला हे तिने आईकडून, पारूबाईकडून ऐकलं होतं. साखराबाईच्या उरलेल्या अर्ध्या कळपावर मायलेकींचं घर चालत होतं. तोही गेला तर मेंढरांचं नाव सोडून दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणं आलं. या वर्षी यादी कागदावर जाईल, तिच्यात साखराबाईचं नाव असेल आणि ते सगळ्या वस्तीसमोर मोठ्याने वाचलं जाईल, असं रूपालीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

आता कागदावर जाईल म्हणजे कशी, हा पुढचा प्रश्न. तक्ते करायचं ऑफिसचं सॉफ्टवेअर मुदत संपली म्हणून रुसून बसलेलं, आणि ते चालू करून घ्यायचा अर्ज वरच्या कचेरीत कुठल्यातरी फायलीत झोपलेला. पण रूपाली बीडला बी.एस्सी. करताना पायथॉन शिकली होती. त्याला ना मुदत, ना कुणाची परवानगी. वस्तीवरच्या प्रत्येक घराची नोंद तिने पायथॉनच्या एका डिक्शनरीत भरली. ही डिक्शनरी म्हणजे शब्दांचे अर्थ सांगणारी नव्हे. कप्प्यांचं कपाट म्हणा. प्रत्येक कप्प्याला एक किल्ली. किल्ली लावली की आतला ऐवज हातात, म्हणजे मेंढ्या किती, कोकरं किती. किल्ली म्हणून तिने घरधन्याचं नाव ठेवलं. हाका तर नावानेच मारायच्या होत्या.

कपाट भरलं, पण ते कागदावर मांडताना तिच्या नाकी नऊ आले. नावाच्या रकान्याला ठरावीक रुंदी द्यावी, नाव लहान असेल तर उरलेली जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढचे आकडे आपोआप एका रेषेत येतात, असं पुस्तकात लिहिलेलं. पुस्तकातली नावं मात्र सगळी इंग्रजी. 'साखराबाई'त डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. पायथॉन काने वेगळे मोजतो आणि आठ म्हणतो. 'हरिबा' तीन अक्षरी, तर म्हणे पाच. ज्या नावाला काना-वेलांटी जास्त, त्याच्यापुढे मोकळी जागा कमी पडायची आणि आकडा आत सरकायचा. नावं लांब आहेत म्हणून घोळ मोठा होतोय, असं तिला वाटलं, म्हणून तिने प्रोग्रामात एक ओळ घातली: पहिलं नाव घे, आडनाव घे, मधलं सोड. रेघ थोडी शुद्धीवर आली, पुरती नाही.

त्या संध्याकाळी ती वैतागून घरी आली, तर पारूबाई अंगणात पऱ्हाटी रचत होती. गेल्या सालच्या कापसाची वाळलेली झाडं, चुलीसाठी ठेवलेली. बुंधे भिंतीला लावून सगळे एका पातळीत, आणि शेंडे बाहेरच्या अंगाला कसेही, कुणी लांब तर कुणी आखूड. रूपाली बघत उभी राहिली. मग तिने विचारलं की माय, शेंडे का नाही सारखे करत.

"शेंडे कुनाला टोचायलेत?" पारूबाई म्हणाली. "बुंधे सरळ लागले की ढीग हालत न्हाई."

रूपाली तशीच लॅपटॉप उघडून ओट्यावर बसली. नाव पहिल्या रकान्यात ठेवायचं हे तिला सांगितलं कुणी होतं? कुणीच नाही, सवयीने ठेवलं होतं. आकडे आधी घ्यायचे आणि नाव अगदी शेवटी. त्याच्यापुढे काहीच नसेल तर ते कितीही लांब गेलं तरी ढकलणार कुणाला? तिने रकान्यांची उलटापालट केली आणि प्रोग्राम चालवला. आकडे आणि रेघा शाळेतल्या कवायतीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. ती एवढी हरखली की आईला हाताला धरून स्क्रीनपुढे घेऊन आली. पारूबाईने बघितलं आणि सांगितलं की बरं झालं, आता चप्पल काढ.

आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र राहून गेली. नाव शेवटी नेल्यावर ते कापायची गरजच उरली नव्हती. पण मधलं नाव सोडणारी ती ओळ प्रोग्रामात तशीच बसून राहिली, पाहुणा निघून जावा आणि त्याची पिशवी खाटेखाली राहावी तशी. ती कुणाच्या पायात येणार हे तेव्हा रूपालीला कुठून ठाऊक असणार?

ठरल्या दिवशी जीप वस्तीवर चढली. मागून रूपाली स्कूटीवर. बर्फाच्या डब्यात लस होती, यादीच्या बेरजेइतकी आणि वर थोडी. वस्तीची निघायची तयारी झालेली होती. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना सगळे गोदाकाठाची वाट धरणार होते. जाळीच्या कुंपणांतून मेंढरं कालवा करत होती, बोजे बांधायचे दोर बाहेर पडले होते. वस्तीचा कारभारी म्हातारा हरिबा काठी टेकत सामोरा आला आणि सगळ्यांना चहा पाजल्याशिवाय त्याने कामाला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, बोट रकान्यावरून खाली उतरवलं आणि पहिल्यांदाच रांगोळीचं नाव काढलं नाही. वाचायला सोपं केलंस, एवढंच म्हणाले. रूपालीला तेवढं पुष्कळ होतं.

काम झरझर चाललं. नाव पुकारलं की त्या घरची मेंढरं पुढे यायची, टोचून झाली की पलीकडे जायची. कुणी ओरडलं नाही, कुणी मध्ये घुसलं नाही. कुणाकुणाची कोकरं नोंदीपेक्षा जास्त निघाली, त्यांत वरची थोडी लस खर्ची पडली. उन्हं चढली तेव्हा डॉक्टरांनी पुकारलं, "साखराबाई गडदे."

थोरली साखराबाई पुढे झाली. पदर खोचलेला, मागे मोहिनी मेंढरं हाकतेय, आणि म्हातारीच्या चालण्यात आज एक ऐट होती. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने धाकटी साखराबाईही आपली मेंढरं घेऊन पुढे झाली.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. दोघी मावसबहिणी. एकाच आजीचं नाव दोन्ही घरांत नातींना पडलं आणि पुढे दोघी याच वस्तीत सुना म्हणून आल्या. थोरली बजरंगची, धाकटी परमेश्वरची. डॉक्टरांनी पुन्हा कागद बघितला. साखराबाई गडदे एकच होती आणि तिच्यापुढे मेंढ्या ऐंशी. ऐंशी कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. ऐंशी धाकटीच्या होत्या. थोरलीकडे उरलेल्या फक्त पस्तीस, आणि त्या कागदावर कुठेच नव्हत्या.

काय झालं असेल हे रूपालीला लॅपटॉप न उघडताच कळलं. कपाटात एका किल्लीला एकच कप्पा असतो. त्याच किल्लीने पुन्हा काही ठेवायला गेलं तर पायथॉन विचारत नाही की बजावत नाही. आधीचं उचलून बाहेर टाकतो आणि नवं ठेवतो. मधलं नाव कापल्यावर दोन साखराबाईंची किल्ली एक झाली. थोरली आधी भरलेली, धाकटी नंतर. खालची बेरीजही त्याच कपाटातून काढलेली, म्हणून तीही बिनबोभाट जुळली. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच तक्त्यातून गेली होती, आणि तक्ता तिच्यावाचूनही तेवढाच ताठ दिसत होता.

डॉक्टर वैतागले. डब्यात मोजकी लस उरली होती आणि अजून घरं बाकी होती. दोघी बहिणीच आहात, आपसात ठरवा कुणाची घ्यायची ते, असं म्हणून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"तिची घ्या, सायेब," थोरली लगेच म्हणाली. "तिची जास्त हायेत. माजी काय, गेल्या सालीबी ऱ्हायलीच हुती की."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच रूपालीला सोसवेना. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मोहिनी मात्र रूपालीकडे एकटक बघत होती. रूपाली पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सर, चूक माझी हाय. मावशीचं नाव मी कापलंय. त्यांची मेंढरं आज टोचल्याबिगर मी हितनं हालनार न्हाई."

लस काय आभाळातून पडणार आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. रूपाली म्हणाली की तेलगावच्या दवाखान्यात असेल, मी जाऊन आणते. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, मग थोरलीकडे बघितलं. मागच्या वर्षी पांढरा पडलेला तो मोबाइल त्यांच्याच हातात होता, हे त्यांनाही आठवलं असावं. चार वाजेपर्यंत थांबतो, ते म्हणाले. पण तिथले लोक मागणीपत्राशिवाय बाटली हातात देणार नाहीत आणि सोबत दुरुस्त केलेली यादी लागेल, ही असली नको.

वस्तीमागच्या टेकाडावर एका दगडावर उभं राहिलं की मोबाइलला थोडी धुगधुगी येते. रूपाली तिथे धापा टाकत चढली आणि तिने वनिताला फोन लावला. वनिता तेलगावच्या दवाखान्यात तिच्यासारखंच काम करायची. दोघी बीडला एका बाकावर बसलेल्या. वनिताने तिथल्या साहेबांना विचारून सांगितलं की लस आहे, बर्फ तयार ठेवते, पण सहीचा कागद आणि खरी यादी घेऊन ये.

रूपाली बाभळीखाली बसली आणि मांडीवर लॅपटॉप घेतला. मधलं नाव कापणारी ओळ तिने पुसून टाकली. पूर्ण नावाची किल्ली केली, तक्ता चालवला. दोन्ही साखराबाई आपापल्या जागी आल्या. तिच्या जिवात जीव आला. म्हातारा हरिबा काठीवर रेलून तिच्या डोक्यावरून बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण झाला प्रकार बघून त्यालाही खात्री करून घ्यावीशी वाटली. माझं आहे ना त्यात, असं त्याने विचारलं. रूपालीने बोट ठेवलं: हरिबा बंकट गडदे, मेंढ्या पन्नास.

"पन्नास पप्पूची," हरिबा म्हणाला. "माजी शंभराच्या वर हायेत."

पप्पू म्हणजे त्याचा नातू, दोन लेकरांचा बाप झालेला गडी. पप्पूचं नाव इथे कुठून आलं, हे रूपालीला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. पप्पूचं पाळण्यातलं नाव हरिबा, आजाचंच. पण सासऱ्याचं नाव सुनेने तोंडात कसं घ्यायचं? पोराला रागावून हाक मारायची तरी पंचाईत. म्हणून त्याच्या आईने पप्पू म्हणायला सुरुवात केली आणि वस्तीला तो पप्पूच झाला. हरिबा फक्त आधार कार्डावर. बरं, म्हाताऱ्याचा बाप बंकट, आणि त्या बंकटचं नाव म्हाताऱ्याने आपल्या मुलाला ठेवलेलं. म्हणजे आजा हरिबा बंकट गडदे आणि नातूही हरिबा बंकट गडदे. पूर्ण नाव लिहूनही किल्ली एकच.

"म्हंजी मीबी गेलतो का त्यात?" हरिबाने विचारलं, आणि त्याला एवढं हसू आलं की ठसका लागला. कारभारी म्हणून तो स्वतःची मेंढरं सगळ्यात शेवटी पुढे आणायचा. आज शेवटी आणली असती तेव्हा डबा रिकामा झालेला असता.

रूपालीलाही हसू आलं, पण क्षणभरच. नावाला नाव जोडून हे निस्तरणार नव्हतं. आज दोन हरिबा, उद्या पप्पूच्या नातवासकट तीन होतील. तिने लॅपटॉपवरून नजर काढली आणि समोरच्या मेंढरांकडे बघितलं. एवढी मेंढरं रोज एका माळावर मिसळून चरतात, मग संध्याकाळी कुणाची कोणती हे तुम्ही कसं ओळखता आबा, असं तिने विचारलं.

हरिबाने जवळची एक मेंढी धरली आणि तिचा कान उलगडून दाखवला. प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी. कुणाच्या डाव्या कानाला भोक, कुणाच्या उजव्याला खाच, कुणाचा काप तिरपा. पोरगा वेगळा निघाला की वस्ती बसते आणि बापाच्या खुणेत एक खूण वाढवून त्याला देते. पप्पू वेगळा निघाला तेव्हा हरिबाच्या खाचेजोडीला त्याच्या मेंढरांना भोक आलं.

"दोन घरांचा कान येक ठिवला तर रोज डोकी फुटतील की," हरिबा म्हणाला.

रूपालीला पुढचं ऐकायचीही गरज नव्हती. तिने मोहिनीला हाक मारली. दोघी कुंपणा-कुंपणातून फिरल्या. मोहिनी कान धरून सांगायची, रूपाली टिपून घ्यायची. भोकासाठी तिने इंग्रजी o घेतला, खाचेसाठी v, तिरप्या कापासाठी तिरपी रेघ, आणि कोऱ्या कानासाठी आडवी. प्रत्येक खूण एकाच जागेत मावणारी. काना नाही, वेलांटी नाही, म्हणून कुठली रेघ ढळणार नाही. ज्या घराच्या एका कानाला दोन खुणा, त्या कानाला तिने दोन जागा दिल्या. दोन्ही कानांच्या खुणा मिळून किल्ली झाली. आणि या वेळी तिने प्रोग्रामात आणखी एक ओळ घातली: किल्ली आधीपासून असेल तर गुपचूप काही टाकू नकोस, थांब आणि मला सांग. मग तिने तक्ता चालवला.

```
 o |  v |  ३५ | साखराबाई बजरंग गडदे
 - |  / |  ८० | साखराबाई परमेश्वर गडदे
```

अशा ओळी एकाखाली एक उतरत गेल्या. आधी डावा कान, मग उजवा, आकडे मध्ये, आणि पूर्ण नाव शेवटी, हवं तेवढं लांब. खालच्या बेरजेवर तिने भरवसा ठेवला नाही. हरिबाला वस्तीतली घरं कानांवरून आठवून बोटांवर मोजायला लावली आणि आपण ओळी मोजल्या. आकडा जुळला, तरी तिने पुन्हा एकदा मोजून घेतलं. आजा आणि नातू आता दोन वेगळ्या ओळींत उभे होते.

डॉक्टरांनी मागणीपत्रावर सही केली. रूपालीने लॅपटॉप पाठीला लावला आणि स्कूटी काढली. रस्ता कसा होता, ऊन किती होतं, हे तिला नंतर कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेलगावला वनिता दारातच उभी होती. तिथे नवा तक्ता छापला, तिथल्या साहेबांनी बेरीज तपासली, कानांच्या खुणा बघून हे काय चित्रकाम आहे म्हणून विचारलं, आणि ऐकल्यावर आणखी एक प्रत आपल्यासाठी काढून घेतली. वनिताने बर्फाचा डबा पायांशी ठेवून दिला. रूपालीने ओढणीने तो स्कूटीला घट्ट बांधला. चहाचं वनिताने म्हणून बघितलं, पण ही तोवर फाटकाबाहेर पडली होती.

ती परत आली तेव्हा चार वाजून गेले होते. जीप उभी होती. डॉक्टर खाटेवर बसून पप्पूच्या लेकराला स्टेथोस्कोप कानाला लावून देत होते. घड्याळाचं नाव त्यांनी काढलं नाही. बाकी सगळ्यांची मेंढरं उरकली होती. राहिली होती हरिबाची आणि थोरलीची, आणि हरिबाने आधीच सांगून टाकलं होतं की माझी शेवटी. थोरली साखराबाई कडेला उभी होती, मागच्या वर्षी उभी राहिली होती तशीच, मेंढरं अडवून.

डॉक्टर लस मिसळायला उठले. रूपाली कागद घेऊन थेट थोरलीकडे गेली आणि तिने तो तिच्या हातात दिला. साखराबाई गोंधळली. आयुष्यात तिच्या हातात कागद आला तो अंगठा उमटवण्यापुरताच.

"मला कुटं वाचाय येतंय, बाई?"

"वाचू नका मावशी," रूपाली म्हणाली. "कान बगा."

साखराबाईने कागद लांब धरला, मग जवळ आणला. मोहिनी बोट दाखवायला पुढे झाली, तशी रूपालीने तिला हाताने थांबवलं. म्हातारीचं बोट पहिल्या रकान्यावर टेकलं आणि सावकाश खाली उतरू लागलं. खाच आली, ती हरिबाची, असं ती पुटपुटली. आणखी खाली तिरपा काप आला, तो धाकटीचा. त्याच्या वरच्या ओळीवर बोट परत गेलं आणि थांबलं. तिने शेजारच्या मेंढीचा डावा कान चाचपला, भोकावरून अंगठा फिरवला, मग उजव्याची खाच बघितली. पुन्हा कागदाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, पण बोट जागचं हललं नाही.

"ही मी," ती म्हणाली.

रूपालीने मान हलवली. तिकडे डॉक्टरांनी लस भरून घेतली आणि नाव पुकारायला कागद आणा म्हणून आवाज दिला. तोवर थोरली साखराबाई, कुणी न बोलावता, मेंढरं हाकत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली होती.